दीड लाखात पहिली मोठी गाडी: कोल्हापुरात सेकंड हँड ३५०-४०० घेताना

मोठी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की आधी मॉडेल ठरतं, मग पैसे जमतात. गाडी दारात आल्यावर लक्षात येतं की टायर, बॅटरी, इन्शुरन्स आणि नावावर करण्याचा खर्च अजून उभाच आहे. म्हणून हिशेब उलट्या बाजूने मांडा. हातात दीड लाख असतील तर त्यातले पस्तीस-चाळीस हजार आधीच बाजूला काढा आणि गाडी एक लाख दहा-पंधरा हजारांत शोधा. बाजूला काढलेल्या पैशांना गाडी आवडली म्हणून हात लावायचा नाही. त्याच पैशांत चांगली ठेवलेली साधी गाडी आणि त्याच पैशांत मार खाल्लेली भारी गाडी यात पहिलीच घ्यावी. दुसरी वर्षभरात तेवढेच पैसे पुन्हा मागते.

३५० सीसीची रेघ

कमी बजेटवाल्याने ३५० सीसीचा आकडा डोक्यात पक्का ठेवावा, कारण कर आणि इन्शुरन्स दोन्ही तिथेच बदलतात. थर्ड पार्टी इन्शुरन्सच्या २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आहेत आणि ३५० च्या वर २,८०४. जीएसटी त्यावर वेगळा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक, बुलेट, हंटर, मिटिओर यांची इंजिनं ३४६ किंवा ३४९ सीसीची, म्हणजे रेघेच्या आत. बजाजची डॉमिनार ४०० आणि केटीएमची २०२३ पर्यंतची ड्यूक ३९० ही दोन्ही ३७३ सीसी, रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४११, म्हणजे रेघेच्या बाहेर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांचा सेससह ३१ होता, तो ४० झाला. जुनी ३५० घेणाऱ्याला भाव पाडायला याचा उपयोग होतो. विकणारा आपल्या जुन्या बिलाकडे बोट दाखवत असेल, तर त्याच मॉडेलची आजची ऑन रोड किंमत काढून त्याच्यासमोर ठेवा. नव्याची किंमत उतरली की जुनीचीही उतरायलाच हवी. ३५० च्या वरच्या गाड्यांना मात्र हा मुद्दा चालत नाही, तिथे विकणाऱ्याची बाजू भक्कम आहे.

पेट्रोलचाही हिशेब करून ठेवा. जुनी क्लासिक लिटरला ३५ च्या आसपास देते, ड्यूक ३९० शहरात २५-२६. महिन्याला हजार किलोमीटर पळणाऱ्याला दोन्हींत दहा लिटरचा, म्हणजे हजारभर रुपयांचा फरक पडतो. वर्षाला बारा हजार. एवढ्यात साधारण दोन टायर आणि एक बॅटरी येते.

वजन आधी, पॉवर नंतर

आपल्याकडे लायसन्सला सीसीची पायरी नाही. शंभर सीसीच्या गाडीवर टेस्ट दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ६५० चालवू शकतो, कायदा त्याला अडवत नाही. त्यामुळे आपल्याला काय झेपेल हे आपणच ठरवायचं.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी ११०-१२० किलोची असते. जे सिरीज (नव्या ३४९ सीसी) इंजिनची क्लासिक १९५ किलो, हिमालयन ४११ साधारण १९९, डॉमिनार १८२ ते १८७, हंटर १८१. ड्यूक या सगळ्यांत हलकी, पण सीट ८२० मिलिमीटरच्या वर आणि पॉवर ४३ अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे क्लासिकच्या दुपटीहून जास्त. पहिली मोठी गाडी म्हणून ती घेऊ नये असं नाही. पण जुनी ड्यूक बहुतेक वेळा ज्याने जोरात पळवली त्याच्याकडूनच येते, आणि तिचे पार्टही महाग. बजेट घट्ट असताना या दोन गोष्टी एकदम अंगावर घेऊ नयेत.

टेस्ट राईडच्या आधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलून बघा. दहा पावलं पुढे, दहा मागे, एक पूर्ण वळण, मग मेन स्टँडवर. तुमचं घर शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत असेल, दारात उतार आणि समोर आठ फुटी बोळ असेल, तर रोज रात्री हेच करायचं आहे. दोन्ही पाय टेकत नसतील तर निदान एका पायाचा तळवा पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकला पाहिजे. मागे माणूस बसवूनही बघा. मोठी गाडी पडते ती वेगात कमी, थांबताना आणि वळवतानाच जास्त.

या पैशांत कोणती

२०२० पर्यंतची युसीई (जुन्या ३४६ सीसी) इंजिनची क्लासिक किंवा बुलेट ३५० ही सगळ्यात सुरक्षित निवड. पार्ट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, काम येणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहे, बोअरचं काम निघालंच तर उद्यमनगरात लेथवर होऊन जातं. किक असल्यामुळे गगनबावड्यात बॅटरी बसली तरी माणूस घरी येतो. जे सिरीजला, हिमालयनला, डॉमिनारला, ड्यूकला किक नाही. ८०-८५ च्या पुढे मात्र युसीई थरथरते. पुण्याला हायवेने वारंवार जाणाऱ्याने ही घेऊ नये.

हायवे जास्त असेल तर डॉमिनार. पैशाच्या मानाने सर्वाधिक गाडी यातच मिळते, कारण तिला मागणी कमी आणि भाव लवकर पडतो. २०१९ च्या मॉडेलपासून पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर) उलटे आले आणि पॉवर ३५ वरून ४० पीएस झाली. एका सिलिंडरला एकापेक्षा जास्त स्पार्क प्लग आहेत, तेव्हा प्लग बदलायचे म्हणजे सगळे.

राधानगरी, आंबा, आजरा-आंबोली असा घाट आणि खराब रस्ता जास्त असेल तर हिमालयन ४११, पण इंजेक्शनवाली, म्हणजे २०१७ पासूनची. पहिल्या वर्षाची कार्ब्युरेटरवाली कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. नवीन मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि १२५ सीसीवरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालं. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याचशा मागच्या दिव्यांशिवाय, आणि रस्त्यावर पाचट आणि चिखल सांडलेला. दोनशे किलोची गाडी अशा रस्त्यावर घाबरून दाबलेल्या ब्रेकने आडवी जाते. आठ-दहा हजार जास्त गेले तरी एबीएसवालीच घ्या. बजेट सोडून खर्च करावा अशी ही एकच गोष्ट.

पुरातून निघालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन पुरांत शहराच्या सखल भागात आणि शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांत गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. त्या धुऊन, ऑइल बदलून, पॉलिश मारून पुन्हा बाजारात आल्या. पाण्यात बुडालेली कार्ब्युरेटरची जुनी बुलेट नीट उघडून साफ केली तर सावरते. इंजेक्शन आणि एबीएसवाली गाडी मात्र वर्ष-दोन वर्षांनी त्रास सुरू करते. वायरिंगच्या सॉकेटमधल्या तांब्याला हिरवट गंज धरतो आणि गाडी कधी चालू होते, कधी नाही. दोष सापडत नाही, मिस्त्री एकेक सेन्सर बदलत राहतो.

ओळखायची कशी? वरून काही दिसत नाही. सीट काढा आणि उलटी करा. फोमखालच्या पत्र्याच्या कडांना एकसारखा गंज, स्टेपलच्या पिना तपकिरी आणि फोमला गाळाचा वास, ही पहिली खूण. मग सीटखालचे दोन-तीन सॉकेट सोडवून आत बघा. धूळ सगळ्याच गाड्यांत असते, ती कोरडी आणि भुरकट. पुराचा गाळ बारीक, मऊ, कोपऱ्यात चिकटून वाळलेला असतो. हेडलाइटच्या डब्यात मागच्या बाजूला तो हमखास राहतो, कारण तिथे पाण्याचा पाइप पोचत नाही. स्पीडोमीटरच्या काचेत आतून धुकं, डायलला पाण्याची रेघ, टूलकिटच्या पान्यांना गंज, हेही बघा. सर्व्हिस बुकात त्या दोन महिन्यांनंतर मोठी पोकळी किंवा एकदम मोठं बिल असेल तर थेट विचारा. इन्शुरन्स कंपनीकडून जुन्या पॉलिसीवर क्लेम झाला होता का, हे विकणाऱ्याला काढून द्यायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर गाडी सोडा.

एमएच ०७ आणि ०८, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज असतो. स्पोक, सायलेन्सरचा खालचा भाग, मागच्या चाकाच्या चिमट्याचे जोड आणि स्टँडची मुळं टॉर्च लावून बघा.

थंड इंजिन

मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनवर हात ठेवणं. गरम लागलं तर अर्धी तपासणी वाया गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

थंड असताना ऑइल बघा. काळं असेल तर हरकत नाही, जुनं झालंय एवढंच. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर आत पाणी आहे. चमचम दिसत असेल तर आत काहीतरी घासतंय. लिक्विड कूलिंगच्या गाडीत (डॉमिनार, ड्यूक) कूलंट बघा, त्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट गेलं समजा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

आता सेल्फ मारा. युसीई इंजिनचं दुखणं म्हणजे सेल्फचा स्प्रॅग क्लच, सेल्फच्या मोटरला इंजिनशी जोडणारा भाग. बॅटरी कमकुवत असताना वारंवार सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं आणि तो खराब होतो. ‘खट्ट’ असा धातूचा आवाज आला, किंवा मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, तर काम आहे. ‘किकने चालू होते की’ हे उत्तर ऐकून सोडून देऊ नका, भावातून तो खर्च वळता करा. याच इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. चालू केल्यावर काही सेकंद टकटक होऊन थांबली तर ठीक. गरम झाल्यावरही चालूच राहिली तर लिफ्टर किंवा ऑइल प्रेशर बघावं लागेल.

धूर मागे उभं राहून बघा. सुरुवातीला निळसर झुळूक येऊन थांबली तर व्हॉल्व्हचे सील. रेस केल्यावर निळा धूर सुटतच राहिला तर रिंग-पिस्टन. ड्यूकसारख्या कोटेड बोअरमध्ये हे काम नुसत्या बोअरिंगने भागत नाही, अख्खा ब्लॉक किट घ्यावा लागतो. लिक्विड कूलिंगमध्ये गरम झाल्यावरही पांढरा धूर असेल तर तिथूनच परत फिरा.

खिशात साधा मल्टिमीटर असू द्या, तीन-चारशेत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ च्या आसपास व्होल्ट, चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकेल.

अंग तपासणं

मेन स्टँडवर गाडी लावा, मागून एकाने दाबून पुढचं चाक उचलावं. स्टँड नसेल तर इंजिनखाली जॅक. हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध ‘कटक’ करून बसत असेल तर कोनसेट (हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग) गेला, हिमालयन ४११ मध्ये हे बरंच आढळतं. फोर्कचे पाय धरून पुढे-मागे हलवा, खेळ जाणवता कामा नये. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा. तेल लागलं तर सील, खड्डे लागले तर सील बदलूनही गळणार.

चाक फिरवून फोर्कजवळ पेन धरा, रिम किती डुलते ते कळेल. स्पोकवर पान्याने टिचकी मारा. एखाद-दुसरा ‘थप्प’ वाजला तर ढिला आहे, ओळीने वाजले तर रिम वाकलेली आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचाच, कारण रबर कडक होऊन पावसात पकड सुटते. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती मोजून बघा. मागच्या चेनपुलीच्या टोकाशी चेन मागे ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट. बुलेटला तीन-साडेतीन हजार, ड्यूकला त्याच्या दुप्पट धरा.

पडलेली गाडी ओळखायला क्रॅश गार्ड बघून उपयोग नाही, तो दोनशे रुपयांत रंगतो. हँडल वळून जिथे थांबतं तो चॅसीवरचा स्टॉपर दोन्ही बाजूंनी बघा. तो चेपलेला किंवा पुन्हा वेल्ड केलेला असेल तर समोरून मोठा मार बसला आहे. तिथल्याच आसपास चॅसीच्या रंगाला बारीक तडे असतील तरीही तेच. फूटरेस्ट आणि सायलेन्सरवरचे खड्ड्यासारखे ओरखडे म्हणजे उभी गाडी पडली, त्याचं काही वाटून घेऊ नये. पुढून मागे लांब ओढलेले ओरखडे म्हणजे गाडी घसरत गेली आहे.

बुलेटला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. नसेल तर त्याची किंमत वजा करा. नाहीतर चलन तुमच्या नावावर फाटणार.

टेस्ट राईड

आधी इन्शुरन्सची तारीख बघा, हेल्मेट घाला, मगच चावी घ्या. गल्लीतल्या दोन फेऱ्यांनी काही कळत नाही. वाघबिळावरून पन्हाळ्याचा चढ ही आपल्याला मिळालेली उत्तम परीक्षा आहे, शहरातून एका दिशेला वीसेक किलोमीटर. मागे माणूस बसवून वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेल्या. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर सोडून द्या. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, ते काम मोठं आणि खर्चाचं. हायवेवर कागलच्या बाजूला सपाट पट्ट्यात ७०-८० ला हँडलवरची पकड थोडी सैल करा, हात सोडू नका. हँडल थरथरलं तर चाक किंवा टायर, गाडी एका बाजूला ओढली तर अलाइनमेंट किंवा वाकलेली चॅसी. परतताना मुद्दाम गर्दीच्या वेळी मिरजकर तिकटीकडून या. रेडिएटर असलेल्या गाडीत त्याचा पंखा सुरू झाला पाहिजे आणि तापमानाची पट्टी स्थिर राहिली पाहिजे.

मिस्त्रीला सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पाचशे रुपये द्या. पण तो गाडी विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, आणि सौदा झाल्यावर कमिशन घेणारा तर नकोच.

कागद

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की मालकाचा क्रमांक, बँकेचा बोजा, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या तारखा दिसतात. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा आणि विकणाऱ्याला भरायला लावा. इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, खोडलेले किंवा वेडेवाकडे ठोकलेले वाटले तर सौदा तिथेच संपला. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसवलेली आहे का ते बघा. आरसीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली असेल तर पुन्हा पासिंगचा खर्च धरा.

निपाणी-बेळगावकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते. ती इथे कायमची वापरायची तर तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर, हे सगळं आलं. तो खर्च आणि दोन आरटीओंच्या फेऱ्या धरल्या तर वाचलेले पैसे बहुधा तिथेच संपतात.

‘नाव नंतर करू’ याला तयार होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. विकणाऱ्यालाही हेच समजावून सांगा, मग तोच सह्या करायला घाई करतो. विसार द्यायचा तो दोन-चार हजारच, तोही पावती घेऊन. बाकीचे पैसे आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेव्हा प्रीमियम वाढलेला दिसला तर दचकू नका.

बाजूला ठेवलेले पैसे

गाडी आणल्या आणल्या, आधीच्या मालकाने कालच सर्व्हिस केली असं सांगितलं तरी, इंजिन ऑइल (बुलेटला १५ डब्ल्यू ५०), ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि डॉट ४ ब्रेक ऑइल बदलून घ्या. यात अडीच-तीन हजार जातात. दोन्ही टायर लागले तर सहा ते दहा हजार, बॅटरी दीड ते साडेतीन, कोनसेट किंवा चेन सेट तीन-चार, इन्शुरन्स आणि नावाचा खर्च पाच-सहा. आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट तीन हजारांपासून, मागच्यासाठी दुसरं. हातमोजे आणि रेनकोट याच पैशांत बसवा. चकचकीत लाइट आणि लेग गार्ड यासाठी यातून एक रुपयाही नाही.

पहिले पाचशे किलोमीटर एकट्याने आणि दिवसा चालवा. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात सावकाश वळणं आणि ४० वरून थांबण्याचा सराव दोन तास करा, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबून. पहिल्या घाटफेरीनंतर सायलेन्सर, इंजिन माउंटिंग, नंबर प्लेट आणि मागच्या चाकाच्या ॲक्सलचे नट पुन्हा आवळा आणि चेनचा ढिलेपणा मोजा. बुलेटला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर. नव्या चेनला पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर एकदा ताण द्यावाच लागतो.